नववा तांब्या

माझी मुलगी पाण्यात विरघळते, हे भागाबाईंनी मला बारशाच्या आधीच सांगितलं होतं. भागाबाई तिला तेल लावून न्हाऊ घालायला यायच्या. सव्वा महिना आठच तांबे, म्हणाल्या, नवव्याला पोर पाण्यात जाते. मी रसायनशास्त्रातली बीएस्सी. हसले आणि विषय बदलला.

परवा त्या भाचीच्या लग्नाला गेल्या, म्हणून शाल्मलीला मीच न्हाऊ घातलं. टाके ओढत होते, पाय पसरून बसता येईना, तेव्हा तिला टबात ठेवलं. कानामागे बेसन राहिलं होतं. मी नववा तांब्या ओतला.

आधी पावलं गेली, मग पोटऱ्या. ती रडली नाही. साखर विरघळताना कुठे रडते? पाणी मात्र गार होत गेलं, माझी बोटं बधिर होईपर्यंत. विरघळताना ती आजूबाजूची ऊब ओढून घेत होती. शेवटी टबाच्या तळाशी तिच्या कमरेचा काळा दोरा तेवढा उरला.

माझ्या नवऱ्याने, मंदारने, पाण्यात बोट बुडवून पाहिलं. हे आपोआप होणारं आहे, तुझ्याच पुस्तकात लिहिलंय, म्हणाला. सासूबाई टब मोरीत ओतायला निघाल्या. फरशी पुसून वेळेवर जेवून घ्यावं, असं त्यांचं मत पडलं.

"टबाला हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"अगं, विरघळलेलं परत येतं का?" सासूबाई म्हणाल्या.

"येतं. आपोआप येत नाही, एवढंच. बाहेरून ऊब घालावी लागते."

"बीएस्सी झालीस म्हणून पोर गोठवणार? आणि ऊब कुणाची घालशील?"

"माझी."

मी मोरीतच टब मांडीवर घेऊन बसले. खडीसाखरेला सोडतात तसा दोरा पाण्यात सोडून धरला. माझ्या अंगाच्या उबेने पाणी हळूहळू उडू लागलं. काल दोऱ्यावर एक नख दिसलं, दुपारपर्यंत अख्खी टाच. ती जेवढी धरत गेली, तेवढी मी गार पडत गेले, तळव्यांपासून वर. मोरीही आखडत चालली आहे. भिंती खांद्यांना टेकल्या आहेत, दारातून आता टब निघणार नाही. सासूबाई बाहेरून सांगतात, सोड, तुझंच काही उरायचं नाही. मी सोडत नाही.

आज सकाळी ती गळ्यापर्यंत झाली. मानेची घडी हाताला लागली, तेवढंच शेवटचं कळलं. आता बोटं काही सांगत नाहीत, आणि माझी मान खाली वळत नाही. पाणी वाटीभर उरलं असेल. मंदार बघायला तयार नाही. तुम्ही दारापर्यंत आलाच आहात, तर जरा वाकून बघा. तिचं नाक झालंय का, आणि त्यातून वारा येतोय का.