सातव्या क्रमांकाचं पुस्तक

रविवारच्या पुरवणीची पानं गुरुवारी दुपारी मुद्रितशोधकांच्या टेबलावर येत. त्यातलं सहावं पान ताई नेहमी सगळ्यात शेवटी उचलायची. त्या पानावर 'वाळवी' या टोपणनावाने पुस्तकांवर सदर लिहिणारा माणूस तिचा धाकटा भाऊ होता. सख्खा भाऊ, पक्का वैरी ही म्हण कार्यालयात सगळ्यांना ठाऊक होती, आणि ती कुणाला लागू पडते हेही. अख्खं कार्यालय तिला ताई म्हणायचं. सख्खा भाऊ मात्र दोन वर्षं तिला काहीच म्हणत नव्हता. तो वरच्या मजल्यावर बसायचा, ही खाली, आणि मधल्या जिन्यात गाठ पडली तर दोघंही भिंतीकडे बघत चालायचे.

कारण आईचं होतं. आई आजारी पडली तेव्हा भाऊ दूरच्या शहरात सहा आठवड्यांच्या लेखनवर्गाला गेला होता. तो रोज फोन करायचा आणि ताई रोज सांगायची, "बरी आहे. तू तुझं पुरं करून ये." तो आला तेव्हा आईचं सगळं उरकलेलं होतं. दारातच त्याने चपला न काढता विचारलं, "हे ठरवणारी तू कोण?" त्या दिवसापासून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं.

या गुरुवारी सहाव्या पानावर मथळा होता, 'मीठनगरी : सातांपैकी वर कोण, खाली कोण?' 'मीठनगरी' ही त्यांच्या लहानपणची सात पुस्तकांची मालिका. तिची नवी आवृत्ती निघाली होती, आणि वाळवीने पुस्तकांना एक ते सात क्रमांक लावले होते. ताईने पेन्सिलीला टोक काढलं. 'वादळाची किल्ली' पहिलं. ठीक. 'मिठाचा राजवाडा' तिसरं, हेही एक वेळ चाललं असतं. मग ती खाली पोचली.

'सातवा क्रमांक : शेवटची होडी. सगळ्यांना पैलतीरी सोडून नावाडी बुडतो, इथवर पुस्तक उत्तम. पण शेवटच्या पानावर हा गडी सकाळी काठावर हजर, अंगावर ओले कपडे, ओठांत शिट्टी! लेखकाला पोरांच्या रडण्याची भीती वाटली असावी. एवढा भेकड शेवट अख्ख्या मालिकेत नाही.'

ताईने पेन्सिल खाली ठेवली. पुस्तकात नावाडी परत येत नाही. शिट्टी तर कुठेच नाही. ती शिट्टी ताईची होती.

भाऊ सात वर्षांचा असताना त्याच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डॉक्टरांनी बजावलं होतं, याला रडू द्यायचं नाही. आई कामावर जायची, आणि अकरा वर्षांची ताई खाटेच्या कडेला बसून त्याला 'शेवटची होडी' वाचून दाखवायची. शेवटचं पान आधी मनात वाचून ती घाबरली. मग पुस्तक समोर धरूनच तिने नावाड्याला काठावर आणलं, आणि तो खराच आहे हे पटावं म्हणून त्याच्या ओठांत शिट्टी दिली.

चहाचा पेला घेऊन ती खिडकीशी गेली. हे असंच छापलं गेलं तर? मालिकेचे चाहते त्याला फाडून खातील. पुस्तक न वाचता क्रमांक लावणारा समीक्षक! चहा संपेपर्यंत तिने त्याची फजिती चवीचवीने पाहिली. पण वीस वर्षांत दिसलेली चूक तिने कधी जाऊ दिली नव्हती, आणि शत्रूसाठी नियम मोडायचा म्हणजे शत्रूलाच मोठं करायचं. तिने समासात लिहिलं, 'शेवट तपासा. पुस्तकात असं नाही,' आणि पान वर पाठवलं.

दहा मिनिटांत तो खाली आला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या टेबलासमोर उभा राहिला.

"ऱ्हस्व-दीर्घ बघा. मजकूर माझा आहे."

"मजकूर चुकीचा आहे."

"हे पुस्तक मला तोंडपाठ आहे."

"तू ते वाचलंयस?"

"ऐकलंय. तूच वाचून दाखवलंस."

"मी वाचलं ते त्यात नव्हतं," ताई म्हणाली.

नव्या आवृत्तीचा संच पुरवणीच्या संपादकबाईंच्या कपाटावर होता. त्याने त्यातून 'शेवटची होडी' ओढून काढलं आणि उभ्या उभ्याच शेवटचं पान वाचलं. मग मागचं पान. मग पुन्हा शेवटचं. ताईने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"म्हणजे तेव्हापासून," तो हळू म्हणाला.

"तुझ्या डोळ्यांना टाके होते. रडू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"आणि आईच्या वेळी? तेव्हा कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं?"

शेजारच्या टेबलावरचे दोघं उगाचच कागद चाळू लागले.

"आई म्हणाली होती, त्याला बोलावू नकोस."

"आई म्हणाली की तू म्हणालीस? आता मी काय धरायचं, सांग ना. तू वाचून दाखवलेलं काहीही?"

पुस्तक काखेत मारून तो निघून गेला.

पाचच्या सुमाराला दुरुस्त पान आलं. सातव्या क्रमांकाखाली आता हे होतं : 'हे पुस्तक मला लहानपणी वाचून दाखवणाऱ्या व्यक्तीने शेवट बदलला, आणि मी तो तीस वर्षं खरा मानला. खरा शेवट आज वाचला. तो चांगला आहे. पण फसवल्या गेलेल्या वाचकाला केवळ सहानभूतीपोटी मत बदलता येत नाही. म्हणून क्रमांक तोच.'

संपादकबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "ताई, हे तुमच्याबद्दलच आहे ना? काढते मी. त्याला काय वाटायचं ते वाटू दे."

ताईने 'सहानभूती'मध्ये 'न'ला उकार दिला. "राहू द्या. खोटं काही नाही त्यात."

रविवारी घरी छापील पान वाचताना मात्र तिचं डोकं फिरलं. खोटं नव्हतं, पण पट्टी कुठे होती? टाके कुठे होते? अकरा वर्षांची मुलगी कुठे होती? सोयीचं तेवढं ठेवून बाकीचं गाळणं त्यालाही छान जमत होतं. तिने कागद ओढला आणि वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी चार ओळी लिहिल्या. डोळ्यांवरची पट्टी, डॉक्टरांची ताकीद, मुलीचं वय. खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि 'वाळवी यांची थोरली बहीण'. त्या पानाची पत्रं तोच निवडतो हे तिला माहीत होतं, म्हणून सोमवारी पत्र ती स्वतः वर जाऊन त्याच्या टेबलावर ठेवून आली. त्याने मान वर केली नाही.

पुढच्या गुरुवारी सहावं पान आलं. पत्र सगळ्यांत वर होतं, एक शब्दही न कापता. त्याखाली उत्तर नव्हतं, दिलगिरी नव्हती. ताईने ते अनोळखी माणसाचा मजकूर वाचावा तसं अक्षर अक्षर तपासलं, पानावर सही केली आणि पान खाली छपाईला पाठवून दिलं.