थंडगार शी

"अबोली कणकेला बोटच लावत नाही," माझ्या लेकीच्या बालवाडीच्या बाई फोनवर म्हणाल्या. "बाकीची मुलं मस्त मळतात, ही हात पाठीमागे धरून उभी. सोमवारी परत स्पर्शाचा खेळ आहे. घरी थोडं करून घ्या."

झालं! जुईनगर स्टेशनपासून आमच्या सोसायटीच्या गेटपर्यंत मी मोबाइलवर सगळे आजार वाचत आले.

शनिवारी उशीच्या अभ्र्यात वस्तू भरल्या. कापूस, भांडी घासायची घासणी, नारळाची करवंटी. करवंटी आधी दोनदा धुतली. अबोलीच्या डोळ्यांवर माझी ओढणी बांधली.

"ऑपरेशन आहे का?" सोफ्यावरून माझा नवरा, अभिराम.

"तू गप्प बस रे."

अबोलीने अभ्र्यात हात घातला. "हे मऊ मऊ." मग घासणी. "हे खरखरीत. बाबासारखं!"

"ए, आजच दाढी केलीय मी!"

छान चाललं होतं. मग मी भिजवलेल्या कणकेची वाटी पुढे सरकवली. कणीक जरा सैलच झाली होती. बोट टेकलं मात्र, हात मागे.

"ही शी आहे."

"शी नाही गं, कणीक आहे."

"नाही, शीच. तूच म्हणतेस."

म्हणते खरी. चिखलाला हात लावला, शी! दूध सांडलं, शी! आंब्याचा रस कोपरापर्यंत ओघळला, शी शी शी! पोरीला वाटलं, कापूस जसा मऊ, तशी ओली चिकट वस्तू म्हणजे शी.

मी तिची चूक सुधारायला तोंड उघडलं, तर अभिरामने मला हातानेच थांबवलं.

"बरं, मग शी हाताला कशी लागते?" त्याने विचारलं.

बोट हळूच परत गेलं.

"थंड." जरा वेळाने, "आई, शी गार असते!"

मग चार बोटं गेली, मग अख्खा तळवा. पीठ मनगटापर्यंत, ओढणीला, केसांना. ओला रुमाल माझ्या हातात तयारच होता. मी तो पाठीमागे धरून उभी राहिले.

सोमवारी दुपारी बाईंचा फोन आला.

"अबोलीने सगळ्यांच्या आधी कणीक मळली!"

जीव भांड्यात पडला.

"फक्त एक झालं. ती म्हणाली, मला अजून शी पाहिजे. मग सगळा वर्गच ओरडायला लागला, मला शी, मला शी! आमच्या मावशींनी धावत एकेकाला बाथरूमला नेलं. आली कोणालाच नव्हती."