हरकत नसल्यास

अंगठ्याच्या नखाएवढा तो फोटो — त्यात बाबांचा टाय जरासा डावीकडे सरकलेला, जणू टायला सभेतून उठून जायचंय आणि बाबांनी त्याला धरून बसवलंय — तिने माउसने उचलला आणि पानाच्या तळाशी नेऊन ठेवला. तिथे तो फारच एकटा दिसला म्हणून पुन्हा वर आणला, पण वर जागाच नव्हती. वर आता मासेमारीच्या अनुदानांचे नवे तज्ज्ञ बसले होते आणि हसत होते, आणि त्यांचे दात इतके एकसारखे होते की कुठल्यातरी बैठकीत एकमताने मंजूर झाले असावेत. फोटो परत खाली. परत वर. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाबांचा इतका प्रवास झाला, जितका निवृत्तीनंतर एकदाही झाला नव्हता.

लहानपणी कुणीच म्हणत नाही की मी मोठेपणी आंतरराष्ट्रीय व्यापार आणि शाश्वत विकास या विषयाचा तज्ज्ञ होणार. पायलट म्हणतात, आइस्क्रीमवाला म्हणतात. या विषयात माणसं येतात ती भलत्याच ठिकाणी जायला निघालेली असताना, चुकीचा जिना चढून. दर वर्षी संस्थेच्या तज्ज्ञ मंडळाची परिचय-पुस्तिका करताना तिला हे नव्याने कळायचं, आणि दर वर्षी त्या सगळ्यांविषयी — का कुणास ठाऊक — तिला माया दाटून यायची. कार्बनकराच्या जाणकार बाई मूळच्या बालवाडीच्या शिक्षिका. भर वाटाघाटीत त्या नुसतं ‘हाताची घडी’ म्हणतात आणि मंत्री घालतात. जंगलतोडीवर ज्यांचा शब्द अखेरचा मानतात ते आधी लाकडी कपाटं विकायचे. मासेमारीवाले पाण्याला भितात, पोहण्याच्या तलावाशेजारून जातानासुद्धा भिंत धरून चालतात, हे त्यांच्या बायकोने फोनवर सांगितलं आणि वर म्हणाली, हे छापू नका हं. आणि बाबा... बाबा वजनमापे निरीक्षक होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे. एका दुकानदाराने परदेशी काट्यावरून वाद घातला, त्याचं उत्तर विचारायला बाबा जे एका मोठ्या कचेरीत शिरले ते उभी नोकरी संपवूनच बाहेर पडले. मधल्या काळात तीनचाकी सायकल हे वाहन की खेळणं यावर दोन देशांचं भांडण मिटवून झालं, समुद्राकाठच्या हॉलांमधून समुद्राकडे पाठ करून बसून झालं, आणि एका कराराच्या प्रस्तावनेत ‘आणि पुढच्या पिढ्यांच्या’ एवढे तीन शब्द घालून झाले. ते शब्द घातले त्या दुपारी ती जन्मली होती. कुणीतरी चिठ्ठी आणून दिली आणि बाबांनी, म्हणे, बोलायची परवानगी मागितली. ‘पुढची पिढी म्हणजे तू,’ ते सांगायचे. ‘बाकीच्या फुकटात आल्या.’

यंदा मंडळ लहान करायचं ठरलं होतं. नव्या यादीत बाबा नव्हते.

“पत्र मी पाठवू शकते,” संचालकबाई परवा जिन्यात थांबून म्हणाल्या होत्या, “पण माझ्याकडून गेलं की ते पत्र होतं गं. तू सांगितलंस तर बोलणं होईल.”

“आणि मी नाही सांगितलं तर?”

“तर काय, नेहमीचंच. मसुदा सगळ्यांना मेलवर गेलाय. शुक्रवारी पाचपर्यंत हरकत आली नाही तर संमती.” मग दोन पायऱ्या उतरून त्या परत वर आल्या. “वाईट वाटतं मला. त्यांनीच शिकवलीय मला ही पद्धत.”

आज शुक्रवार होता. आणि बाबा मेल उघडत नाहीत. पासवर्ड विसरल्यापासून त्यांनी मेल या गोष्टीला मान्यता देणंच थांबवलंय.

या धंद्यातली ही रीत तिला अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत होती. मसुदा फिरवायचा, वेळ ठरवून द्यायची, त्या वेळेपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही की मसुदा पास. हात वर करायला लावत नाहीत, मतं मोजत नाहीत. गप्प राहणं हीच सही. देशांचे देश असे गप्प राहून कशाकशाला बांधले गेलेत. घरीही हेच. शनिवारी सकाळी बाबा चहाचा कप हातात घेऊन जाहीर करायचे — ‘संध्याकाळी आत्याकडे. चारपर्यंत हरकत न आल्यास’ — आणि आई म्हणायची, ‘घर आहे हे, परिषद नाही,’ आणि आईचं ते बोलणं हरकत धरायचं की नुसता शेरा यावर चार वाजायचे आणि सगळे आत्याकडे जायचे. फक्त ती, पाळण्यातली, वेळेत भोकाड पसरायची. तिच्यामुळे दोन लग्नं आणि एक बारसं रद्द झाल्याची घरात नोंद आहे. म्हणून तिचं नाव हरकतबाई. अजूनही फोन उचलल्यावर बाबा तेच म्हणतात... बोला, हरकतबाई.

आणि तीच हरकतबाई तीन दिवस गप्प. बुधवारी त्यांच्याकडे जेवायला गेली तेव्हा सांगणार होती, तर बाबांनी कोट बाहेर काढून खिडकीशी टांगलेला. वर्षातून एकदा भरणाऱ्या बैठकीसाठी ते आधी महिनाभर कोटाला वारा दाखवतात. कोटासमोर तिला बोलता येईना. मागच्या बैठकीत बाबांना डुलकी लागली होती. दचकून जागे झाले, कोपर टेबलावर टेकवून पेन्सिल वर केली आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, ‘हरकत आहे’ — आणि अध्यक्षांनी नुकतंच चहाची सुट्टी घेऊ या म्हटलं होतं. सगळे हसले, मनापासून, आपल्या माणसाला हसतात तसे. बाबाही हसले. मी, त्यांची हरकतबाई, मागच्या रांगेत टिपणं काढत होते. मी ते वाक्य टिपून घेतलं, कारण नियमाने घ्यायला हवं, आणि मग पुसलं.

आईचा फोन.

“सांगितलंस?”

“अजून नाही. तूच सांग ना.”

“मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मीच घडवून आणलं. त्या बैठकांचा मला किती राग होता हे जगजाहीर आहे.”

“मग आता आनंद झाला असेल.”

आईने फोन नळाच्या आवाजाकडे धरला. मग म्हणाली, “सकाळपासून तिसऱ्यांदा दात घासतायत. म्हणे, डॉक्टरसमोर आपली बाजू कमकुवत दिसायला नको. दाढ काढायचीय, आणि घासतायत! तू ये लवकर, नाहीतर दाढ झिजून जाईल.”

दाताच्या दवाखान्यात सगळं हलक्या निळ्या रंगाचं होतं, भिंती, खुर्ची, डॉक्टरसुद्धा. नवा, तरुण, मोठ्याने बोलणारा, समोरच्याला बहिरेपणही आहे असं धरून चालणारा. बाबांनी चष्मा काढून तिच्या हातात दिला. चष्मा नसला की त्यांचा चेहरा वाढदिवसाच्या दिवशी चुकीच्या घरात शिरलेल्या मुलासारखा दिसतो, आणि तेव्हा ते फार सभ्यपणे वागतात, सगळ्यांशी.

“काका, भूल दिलीय. तरी दुखलं तर फक्त हात वर करायचा. बोलायचं नाही. चला, आ. अजून मोठा. अजून. हां! वा! काय करता तुम्ही?”

“आआ,” बाबा म्हणाले.

“शिक्षक?”

“ऑ ऑ.”

कोपऱ्यातल्या स्टुलावरून ती म्हणाली, “आंतरराष्ट्रीय व्यापार.”

“अरे वा. दुकान कुठेय?”

“दुकान नाही. त्याचे नियम. आणि शाश्वत विकास.”

“म्हणजे झाडंबिडं.”

“झाडंही येतात.”

बाबांची भुवई वर गेली. ती भुवई तिला पाठ आहे: हा मुद्दा अपुरा आहे पण चालू द्या. आणि तिने चालू दिलं. का, ते तिला कळलं नाही. इतकी वर्षं ती माणसांचे परिचय लिहीत आलीय, पण परिचयातला माणूस आडवा पडलाय, तोंडात त्याच्या नळी आहे आणि एक शब्दही दुरुस्त करता येत नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं. आणि बोलताना आपला आवाज भलताच मऊ येतोय हे तिला ऐकू येत होतं. तिने तराजूंचं सांगितलं. ते बाजारात शिरले की दुकानदार आपोआप माप नीट करायचे, तर यांना वाईट वाटायचं, म्हणून आधी मोठ्याने खोकायचे... ते सांगितलं. तीनचाकी सायकलीच्या खटल्यात पुरावा म्हणून ते स्वतः ती सायकल चालवत हॉलमध्ये आले, गुडघे कानांपर्यंत, आणि समोरच्या देशाने ताबडतोब खेळणं म्हणून मान्य केलं, तेही सांगितलं.

“भारीच की,” चिमटा शोधत डॉक्टर म्हणाला. “मग अजून चालू आहे का काम?”

“आज पाचपर्यंत.”

“म्हणजे?”

“म्हणजे नवी यादी फिरवलीय. पाचपर्यंत कुणी हरकत घेतली नाही तर यांचं नाव मंडळातून जाईल. यांनी मेल उघडलेली नाही.”

डॉक्टरचा हात थांबला. “अहो ताई, मग सांगा की त्यांना!”

“सांगतेय,” ती म्हणाली.

नळी सुर्रकन लाळ ओढत राहिली. आणि बाबांनी हात वर केला.

“दुखलं? थांबा काका, जोर नको,” डॉक्टर म्हणाला, आणि पटकन अजून थोडी भूल दिली.

मी मुद्दाम नाही केलं. — नाही? — जगात एवढ्या जागा होत्या, जेवणाचं टेबल होतं, रिक्षा होती, जिना होता, आणि मी अशी जागा शोधली जिथे त्यांना ‘ऑ’ एवढंच म्हणता येईल. या धंद्यात वाढलेलं माणूसच असली चूक करू जाणे: समोरच्याला बोलता येत नसताना मसुदा फिरवायचा आणि त्याचं गप्प राहणं खिशात घालायचं. पण ते गप्प राहिलेही नाहीत. हात वर गेला होता. बैठकीत करतात तसाच, कोपर खुर्चीच्या हातावर टेकवून, बोटं जराशी मिटलेली... पेन्सिल नव्हती एवढंच. की दाढ दुखली? दुखल्यावर माणूस इतक्या शिस्तीत हात वर करतो का? बाबा करतील. आग लागली तरी बाबा आधी बोलायची परवानगी मागतील.

दाढ निघाली. बाबांनी ती बघायला मागितली, चष्मा लावून नीट पाहिली आणि परत दिली.

“तासभर कापूस दाबून धरा. एक शब्द बोलायचा नाही,” डॉक्टर म्हणाला. “आणि ताई, थंड द्या. आइस्क्रीम चालेल.”

रस्त्यावर ऊन उतरतीला लागलेलं. पाचाला अजून वेळ होता. खिशातला फोन तिला सारखा जाणवत होता. संचालकबाईंचा एक नंबर लावायचा, एक शब्द बोलायचा. मंडळाच्या नियमात कुठेही लिहिलेलं नाही की हरकत ज्याची त्यानेच घ्यायची. पण बाबांना हवं असेल का ते? मुलीच्या रडण्याने वाचलेली खुर्ची? आणि नको असेल, तर तो कोट खिडकीशी कशाची वाट बघतोय?

बाबांनी कोपऱ्यावरच्या दुकानात दोन बोटं दाखवून दोन आइस्क्रीम घेतली. एक तिला दिलं. दुसऱ्याचा एक चमचा त्यांनी तोंडात घातला, तो भूल दिलेल्या बाजूने बाहेर आला आणि शर्टावरून निवांत खाली गेला. तिने रुमालाने पुसलं. त्यांनी पुसू दिलं. मग ते दुसरं आइस्क्रीमही त्यांनी तिच्याच हातात दिलं, मोठ्या विचारांती, जणू एखादा प्रदेश सोडून देतायत.

“बाबा,” ती म्हणाली. “मघाशी... मी आत बोलले ते...”

त्यांनी कापसाकडे बोट दाखवलं. डॉक्टरची आज्ञा.

ती बघत राहिली. त्यांचा उजवा गाल सुजून गुळगुळीत झाला होता, ओठाचं टोक आतल्या कापसाने वर उचललं गेलं होतं, आणि त्या बाजूने बाबा मंद, समाधानी हसत होते, सगळं मान्य असल्यासारखे, आत्याकडे जाणं, बैठक, यादी, सगळं. तिला हायसं वाटलं. पाव मिनिटभर खरंच वाटलं. मग लक्षात आलं की दवाखान्यातून निघाल्यापासून ती त्यांच्या उजव्या बाजूने चालतेय, आणि रस्ता ओलांडताना, ते चुकून इकडचे तिकडे झाले तेव्हाही, ती लगबगीने वळसा घालून पुन्हा उजवीकडेच आली होती.

दोन्ही हातांतली आइस्क्रीम वितळत होती. बाबा हळू चालत होते, एका हाताने गाल धरून, दुसरा हात तिच्यासाठी नेहमीसारखा जरा बाजूला ठेवून, तिने धरावा म्हणून नव्हे, धरायचाच झाला तर असावा म्हणून. तीन दिवस ती ज्याला जपत होती तो तज्ज्ञ होता, पुस्तिकेतला, टायवाला. आणि त्याच्या आडून हा माणूस, वाट पाहत, नुसता चालत होता. त्याला दुखलं असेल तर तेही त्याचंच होतं. मी त्याच्या वाटचं दुखून घेणार कोण?

ती थांबली. त्यांना दोन पावलं पुढे जाऊ दिलं, आणि मागून फिरून त्यांच्या डाव्या, भूल न दिलेल्या बाजूला आली. तिथे काय दिसेल, हरकत की संमती, ते तिला ठाऊक नव्हतं. भीती गेली नव्हती. पण आता ती बाबांची वाटत नव्हती, बाबांबरोबरची वाटत होती. तिने मान वर केली आणि बघितलं.