डावं अंग

फर्दापूरच्या रानात कुणी परदेशी पाहुणा टाकून गेलेली मोटार नानासाहेबांनी शहरात ओढून आणली. सगळे तिला रुग्णवाहिका समजले. "आंधळे हाव का रे? आत ओटा, पलंग, स्टिअरिंग डावीकडं. विलायती घरगाडी हाय ही!" नानासाहेब खेकसले.

मुनाफ मिस्त्रीनं पत्रा ठोकला, इंजिन लावलं. "नाना, स्टिअरिंग उजवीकडं घेतो. सवयीचं पडंल."

"हात लावू नको!"

बायको डाव्या अंगाची, म्हणत मनकर्णाबाई जीपमध्ये कायम नानांच्या डावीकडं बसायच्या. त्या गेल्या, तेव्हापासून नानांनी जीपची किल्ली हातात धरली नव्हती.

नाना घरगाडीत स्टिअरिंगपुढं बसले. सवयीनं डावीकडं वळले. तिथं नुसतं दार होतं.

"बरं हाय," ते पुटपुटले, "रिकामी दिसायला इथं जागाच नाय."