धाकटीच्या कार्डावरचं रक्त

थोरली आणि धाकटी सख्ख्या बहिणी नव्हत्या. एकाच मालकिणीच्या माडीवर धंदा करायच्या, म्हणून ही नावं पडली. चार वर्षांपूर्वी एकाच तपासणीत दोघींच्या रक्तात एचआयव्ही निघाला. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी दवाखान्यात रक्त द्यायचं. रोगाशी झुंजणाऱ्या पेशी किती उरल्या, तो आकडा कार्डावर चढायचा. त्या काळच्या नियमानं तो दोनशेच्या खाली गेला की गोळ्या सुरू.

मालकीण ती कार्डं बघायची. आकडा उतरला की त्या बाईची खोली गेलीच.

गेल्या खेपेला आकडा उतरला असेल या धास्तीनं धाकटी रक्त द्यायला अडून बसली. थोरली म्हणाली, "आण तुझं कार्ड. मला काय धाड भरलीय? माझं रक्त दोघींना पुरेल." नर्स नवी होती. थोरली सकाळी उजवा हात पुढे करून आली, दुपारी साडी बदलून धाकटीच्या कार्डासाठी डावा. धाकटीच्या कार्डावर सहाशे ऐंशी चढले. दोघी पोट धरून हसल्या.

चार महिन्यांत धाकटीचं हसू आटलं. रोज ताप, परकर दुमडून दुमडून बांधावा लागे. थोरलीनं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी कार्ड पाहिलं. "आकडा तर छान आहे. हा ताप साधाच असणार. तापाच्या गोळ्या देते, रक्त ठरल्या वेळी घेऊ."

थोरली उठेना. धाकटीनं बाकाखालून चिमटा काढला. "गप ना ताई, खोली जाईल माझी."

"जाऊ दे. माझ्या खाटेवर नीज. तूच गेलीस तर खाट काय चाटू?" मग ती वळली. "बाई, ते रक्त माझं आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "गंमत वाटली तुम्हाला?"

"तेव्हा वाटली. पण बाई, दोघींना एकदमच निघालं. मग मी धडधाकट आणि ही अशी कशी?"

"एकदम निघालं म्हणून एकाच चालीनं जाईल असं नाही. कुणी दहा वर्षं ठणठणीत, कुणी चार वर्षांत अंथरुणाला. इथल्या बायका लवकर आजारी पडताना मी पाहते. म्हणून तर ज्याचं त्याचं रक्त लागतं."

या खेपेला धाकटीनं स्वतःचा हात पुढे केला. आकडा आला एक्क्याण्णव.

मालकिणीनं कार्ड वाचलं आणि किल्लीसाठी हात पसरला. धाकटीची पत्र्याची पेटी थोरलीच्या खाटेखाली सरकली.

"घोरलीस तर लाथ घालीन," थोरली म्हणाली. मग पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. "घे. ही गोळी मात्र तुझी तूच गिळायची."