चौदा नंबरच्या बाई

ज्यूरीचं बोलावणं आलं की केंटकीच्या त्या डोंगराळ काउंटीतली माणसं एकदम फार कामाची होऊन जातात. एरवी पेट्रोलपंपावर कॉफी ढोसत दिवस काढणाऱ्या एकाची गाय नेमकी त्याच सकाळी व्यायला आली होती. दुसऱ्याच्या पाठीत जजबाई आत येताच उसण भरली. लोरेटा फुगेटनं मात्र कसलीच सबब आणली नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरातून तिला रजा मिळाली होती आणि फोन कोर्टाच्या दारावरच काढून घेतल्यामुळे तिच्या डेन्व्हर नावाच्या नवऱ्याला ती कुठं आहे हे घडीघडीला विचारता येणार नव्हतं. छातीवर चौदा नंबरचा बिल्ला लावून ती त्या कडक बाकावर मजेत बसली होती.

खटला कळला आणि ती मजा संपली. समोर बसलेल्या माणसानं बायकोचा हात पिरगाळून मोडला, असा आरोप होता.

"भांडण कुणाच्या घरात होत नाही?" शेजारी बसलेला ओरव्हिल कुजबुजला. तो डेन्व्हरचा चुलतभाऊ, तेरा नंबर. "त्याला बारा माणसं कशाला बसवायची? तू आपली काहीतरी सांग आणि सूट. डेन्व्हरला जेवायला कोण वाढणार?"

"शपथ घेतलीय आपण."

"मोठी आली शपथवाली. आख्खी रांग थापा मारतेय."

ज्यूरीत कुणाला घ्यायचं हे ठरवायला जजबाईंनी विचारलं, "घरातल्याच माणसाकडून मारहाण झालीय, असं तुमच्यापैकी कुणी आहे? चारचौघांत बोलायचं नसेल, तर इथं जवळ येऊन सांगा. बाकीच्यांना ऐकू येणार नाही."

ऐकू येणार नाही, हे खरं. पण दिसणार सगळ्यांना. या प्रश्नावर बाई उठून पुढं गेली, की गावाला आणखी काय सांगायचं राहतं? आणि ओरव्हिलच्या तोंडात तर तीळही भिजत नाही. अंधार पडायच्या आत डेन्व्हरला कळलं असतं. इतकी वर्षं लोरेटानं तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला होता, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घातले होते. झाकली मूठ झाकलेलीच बरी, म्हणून ती गप्प राहिली.

शिवाय तिला इथंच बसायचं होतं. समोरच्या माणसाची मान तिनं एकदा पाहिली होती आणि तेवढ्यावर मनातल्या मनात त्याला तुरुंगात धाडून मोकळी झाली होती. साक्ष नको, पुरावा नको. स्वतःचीच तिला भीती वाटली.

मग आरोपीच्या वकिलानं ओरव्हिलला उभं केलं. "बायकोवर हात टाकणाऱ्याबद्दल तुमचं आधीच काही मत आहे?"

"छे, साहेब. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मी कुणाला नावं ठेवत नाही," ओरव्हिल म्हणाला. "आता बायको कशी होती, तेही बघायला हवं ना?"

बाकांवर थोडा हशा पिकला. लोरेटाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं हात वर केला आणि सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेत ती पुढं गेली.

बोलणं बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून जजबाईंनी एक बटण दाबलं. नळ सोडल्यासारखा खरखराट खोलीभर सुरू झाला. दोन्ही वकील जवळ सरकले.

"कुणाला मारहाण झाली होती?" जजबाईंनी हळूच विचारलं.

"मला."

"केव्हा?"

"रविवारी. चर्चमधून आल्यावर."

वकिलांनी एकमेकांकडं पाहिलं. जजबाई म्हणाल्या, "या माणसाचा न्याय तुम्ही मोकळ्या मनानं करू शकाल?"

"नाही जमणार. मी आधीच करून बसलेय."

"खरं सांगितलंत, आभार." दिवसभर ज्याला त्याला म्हणत होत्या, तेच शब्द पुढं त्यांच्या तोंडून सवयीनं निघाले. "तुम्ही मोकळ्या आहात. घरी जाऊ शकता."

लोरेटा हलली नाही. मागं ओरव्हिल मान उंच करून बघत होता.

"घरी नको, बाई," ती म्हणाली.

खरखराट बंद करायला जजबाईंचं बोट बटणावर गेलं होतं. त्यांनी ते मागं घेतलं.