खुर्चीचा कर्करोग

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. शिंपलेबाबांनी एका बादलीतला शिंपला उघडून त्यातलं नितळ पाणी दाखवलं. मग दुसऱ्या बादलीतला शिंपला माझ्या भाचीच्या छातीवर ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि तो उघडून बशीत उपडा केला. दुधासारखं पांढरं पाणी!

"पोरीच्या रक्तातला कर्करोग शिंपल्याने ओढून घेतला!" बाबा गरजले. "आहे कुणी शास्त्रवाला? तपासा!"

शास्त्रवाला मीच. रक्त तपासणं हा माझा धंदा. बाबांनी मांडून ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकाला ऐटीत डोळा लावला, तर रोगट पेशींची झुंबड! "कर्करोगच!" मी ओरडलो. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला वाटलं, माझ्यासाठीच.

बहीण रडत म्हणाली, "दादा, तूच सांगितलंस. आता सोमवारी हिला इस्पितळात नेत नाही. उलट्यांनी हाल होतात रे तिचे."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. औषध मध्येच सोडलं तर पोर हातची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तेवढ्यात भाची म्हणाली, "मामा, त्याच बादलीतला एक तुझ्या छातीवर ठेव ना."

ठेवला. पांढरं!

"यालाही आजार आहे," बाबा म्हणाले. आणि मी, विज्ञानाचा पाईक, मानेवर गाठ आहे का, ते गुपचूप चाचपू लागलो.

"आता खुर्चीवर ठेव," भाची म्हणाली.

बाबांनी बादली झाकली. "थट्टा नको!" पण माझ्या बहिणीनेच ती ओढून घेतली, शिंपला खुर्चीवर ठेवला आणि उघडला. पांढरं!

"हे शिंपले आणले कुठून?" तिने बाबांच्या चेल्याला खडसावलं.

"या बादलीतले चिखलावर पडलेले," तो चाचरत म्हणाला, "आणि त्या पहिल्या बादलीतले चिखलातून उकरलेले."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. कर्करोग खरा होता, पण शिंपल्यांचा स्वतःचा; त्यानेच त्यांच्यातलं पाणी दुधाळ होतं. तो पाण्यातून एका शिंपल्याकडून दुसऱ्याकडे जातो. माणसाशी त्याचा काडीचा संबंध नाही. आजारी शिंपल्याला रुतून बसायची ताकद उरत नाही, म्हणून तो चिखलावर येऊन पडतो. हे सगळं मी वाचलं होतं आणि नेमक्या वेळी विसरलो होतो.

सोमवारी भाचीला मीच इस्पितळात नेलं. उलट्या झाल्या, बादली मी धरली. आता तिचं रक्त सुधारतंय.

मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो एकदा खुर्चीवर करून बघा. आणि माझ्यासारखा कुणी शहाणा "खरं आहे!" म्हणून ओरडला, तर आधी त्याला विचारा, "खुर्ची तपासलीत का?"